हमीपत्रातली बारीक अक्षरे

तालुक्याच्या गावी मराठीचा प्राध्यापक असणे म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकांना सांगून कळायचे नाही. वर्गात मी संतकाव्य आणि व्याकरण शिकवतो. वर्गाबाहेर मी मोताळ्याचा बिनपगारी पत्रलेखक आहे. लग्नपत्रिकेतला मजकूर, निरोपसमारंभाचे मानपत्र, वीजबिलाची तक्रार, पतपेढीकडे मुदतवाढीचा अर्ज, सगळे माझ्या ओसरीवर येते. "सर, दोनच ओळी लिहा, पण अशा की समोरचा वाचूनच गार झाला पाहिजे," असा आग्रह असतो. समोरचा क्वचितच गार होतो. पण लिहून घेणारा मात्र समाधानाने जातो, आणि मलाही चार लोकांच्या उपयोगी पडल्याचे बरे वाटते.

गेल्या वैशाखात भर दुपारी माझा भाचा आला. पंख्याखाली बसला, अख्खा तांब्या रिकामा केला आणि म्हणाला, "मामा, टर्बो गेला."

मला वाटले, त्याचा कोणी मित्र गेला. मी चष्मा काढून विचारले, "कधी ? काय झालं होतं त्याला ?"

"अहो मामा, गाडीचा टर्बो ! राजूर घाट चढताना गेला. मागून निळा धूर, शिट्टीसारखा आवाज, आणि गाडीत जीवच राहिला नाही. आई, मावशी, दोन्ही पोरं गाडीत होती. घाटात दोन तास उन्हात उभे होतो." मग त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "कंपनीला पत्र लिहायचंय. गाडी अजून हमीत आहे. हे कच्चं लिहून आणलंय, तुम्ही जरा वजनदार भाषेत करून द्या."

कागदावर एक वाक्य होते : 'गाडीच्या मूळ रचनेत माझ्याकडून कोणताही बदल करण्यात आलेला नाही.'

आता, कर्मणी प्रयोग दिसला की मी सावध होतो. वीस वर्षे उत्तरपत्रिका आणि परिपत्रके वाचून मला एवढे कळले आहे की, ज्या वाक्यात कर्ता पुढे यायला कचरतो, त्या वाक्यात काहीतरी दडवलेले असते. मी विचारले, "हे खरं आहे ना रे ?"

भाचेबुवा भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहू लागले. आणि मग हळूहळू सगळी हकीकत बाहेर आली.

लोहाराचा भाता

ही गाडी त्याने दोन दसऱ्यांपूर्वी घेतली. त्याचे मोताळ्यात कृषी सेवा केंद्र आहे. बियाणे, खते, औषधे विकतो. ताईने सोयाबीनचे पैसे मोडून पहिली रक्कम भरली, बाकीचे बँकेचे कर्ज. गाडीचे इंजिन पाहिले तर एवढेसे : तीन सिलिंडरचे, ९९९ सीसीचे. पण जोर शंभर अश्वशक्तीच्या वर ! आमच्या लहानपणी मुंबईला गेलो की जी काळीपिवळी टॅक्सी दिसे, ती कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी. तिचे इंजिन १०८९ सीसीचे, म्हणजे याहून मोठे. पण ताकद सुमारे चाळीस अश्वशक्ती. मग लहान इंजिनात हे अडीचपट बळ आले कुठून ?

ते आणले टर्बोने. इंजिनाला पेट्रोल लागते हे आपण सगळे जाणतो, कारण त्याचे पैसे मोजावे लागतात. हवा फुकट मिळते, म्हणून तिची आठवण राहत नाही. पण एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. अधिक जोर हवा तर अधिक पेट्रोल जाळायला हवे, आणि त्यासाठी अधिक हवा कोंबायला हवी. लोहार भाता मारतो तो याचसाठी. टर्बो म्हणजे इंजिनाचा भाता. गंमत अशी की तो मारायला वेगळा माणूस ठेवावा लागत नाही : इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूरच एक चक्र फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा ओढून दाबाने आत लोटते. वाया जाणाऱ्या धुराला असे कामाला जुंपण्याची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराची. तिचे पेटंट १९०५ सालचे आहे.

पण हा भाता नाजूक. लहान गाडीतला टर्बो भरात असताना मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतो. पेट्रोल गाडीत त्याला लागणारा धूर हजार अंशांच्या आसपास तापलेला असतो. आणि एवढ्या वेगाने फिरणारा दांडा तोलून धरलेला असतो तेलाच्या केसाहून पातळ थरावर. तेल जुने झाले, कमी पडले, किंवा चक्राला झेपेल त्याहून जास्त पळवले, की दांडा घासतो, तेल गळून धुरात मिसळते आणि निळा धूर निघतो. राजूर घाटात निघाला तोच.

हे यंत्र पहिल्यापासून मालकाची परीक्षा पाहत आले आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने 'जेटफायर' नावाची टर्बोची गाडी काढली. प्रवासी मोटारींत टर्बो आला तो त्याच वर्षी. इंजिन आतून खडखडू नये म्हणून तिच्यात पाणी आणि मेथिल अल्कोहोल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीत भरावे लागे. मालकमंडळी ते भरायला विसरत. तक्रारी इतक्या झाल्या की दोन वर्षांत गाडी बंद पडली, आणि पुढे कंपनीने अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधी व्यवस्था बसवून दिली. यंत्र चांगले होते. पण त्याच्याबरोबर येणारे पथ्य लोकांना नको होते.

आकड्यांचे कोष्टक

आता भाच्याने काय केले ते सांगतो. आजच्या गाडीत इंजिनाचा कारभार एक लहानसा संगणक पाहतो. किती हवा, किती पेट्रोल, ठिणगी नेमकी केव्हा, टर्बोने किती दाब द्यायचा, याची कोष्टके त्यात भरलेली असतात. पूर्वी मेकॅनिक पेचकसाने डिझेलचा पंप वाढवून देत असे. आता सुकाणूखालच्या खाचेत तार जोडून, लॅपटॉपवरून हे आकडे बदलून देतात. याला म्हणतात रीमॅप. साध्या इंजिनात त्याने फारसे काही हाती लागत नाही; पण टर्बोच्या इंजिनात हवेचा दाबच वाढवता येत असल्यामुळे पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त ताकद वाढते. एकही नवा भाग न बसवता, तासा-दोन तासांत !

भाच्याने हे एका मोठ्या शहरात जाऊन करून घेतले. परत आल्यावर त्याने मला मलकापूरच्या रस्त्याने फिरवून आणले होते. काय केले आहे ते सांगितले नव्हते, एवढेच. त्याने पाय दाबला आणि कोणीतरी पाठीत हात घालून पुढे ढकलावे तसे झाले. खोटे कशाला बोलू, मला ते आवडले. चाळिशी उलटलेल्या माणसालाही वेग आवडतो. तो फक्त तसे बोलून दाखवत नाही.

"पण कशाला रे केलंस ?" मी आता विचारले.

"समृद्धीवर जायला मजा येते, मामा."

समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून, मेहकर-सिंदखेडराजाकडून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी अखेरचा. तिथली वेगमर्यादा जास्तीत जास्त ताशी १२० किलोमीटर, आणि त्याची गाडी कारखान्यातून आली तशीच ती सहज गाठत होती. वाढीव ताकद वापरायची म्हणजे मर्यादा मोडायची, एवढाच त्याचा अर्थ. हे मी बोललो नाही. त्याच्या चेहऱ्यावरून त्यालाही ते कळल्यासारखे दिसले.

"पण मामा, ताकद आतच असते. कंपनी मुद्दाम दाबून ठेवते," तो म्हणाला.

या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते फसवे आहे. मी त्याला घेऊन मलकापूर रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने ट्रॅक्टर, जीप, ट्रक यांत आयुष्य घालवले आहे. त्याने ऐकून घेतले, हात पुसले आणि म्हणाला, "सर, बैल चार पोते वढते, पन आपन तीनच काहून टाकतो ? चढ लागते, ऊन लागते, एखांद्या दिवशी चारा कमी पडते. ते चवथं पोतं बैलाचं असते, आपलं नसते."

इंजिनशास्त्राचे पुस्तक मी वाचलेले नाही; पण पुढे जेवढे समजून घेतले त्यात या उत्तराला धक्का लागला नाही. कंपनी एकच गाडी थंड डोंगरात आणि आमच्यासारख्या बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात विकते. तापलेली हवा आत गेली की पेट्रोल वेळेआधीच भडकते आणि इंजिनावर आतून घाव बसतात. कुठे पेट्रोल हलके मिळते, कोणी तेल वेळेवर बदलत नाही, कोणी पाच माणसे आणि गादी-गाठोडे घालून घाट चढतो. या सगळ्यांसाठी राखून ठेवलेले ते चौथे पोते. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लागू झालेले भारत-सहा धूर-नियम आहेत. पुण्याच्या ए.आर.ए.आय. या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेसारख्या मोजक्या संस्थांत गाडीचा नमुना तपासून मंजूर होतो, तो कंपनीच्या आकड्यांवर; शहरातल्या ट्यूनरच्या आकड्यांवर नव्हे.

"मग एकच इंजिन दोन गाड्यांत कमी-जास्त ताकदीचं कसं असतं ?" भाच्याने शेवटचे अस्त्र काढले. याचेही उत्तर महाराष्ट्रातच आहे. पुण्याजवळच्या रांजणगावात फियाटचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन तयार होत असे. ते इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसले की लोक त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणत. त्याचे दोन प्रकार होते, एक पंचाहत्तर अश्वशक्तीचा, दुसरा नव्वदचा. पुष्कळांना वाटे, फरक आकड्यांचाच असणार. पण नव्वदच्या इंजिनाला टर्बोच वेगळा होता. त्यातली पाती वेगाप्रमाणे कोन बदलणारी होती. वरून सारखे दिसणारे आतून सारखे असतेच असे नाही. हा नियम माणसांना लागतो तसा यंत्रांनाही लागतो.

दोन जुळे शब्द

घरी येऊन मी गाडीचे हमीपत्र मागवले. एखादी संहिता वाचावी तसे ते पेन्सिल हातात घेऊन वाचले. गॅरंटी आणि वॉरंटी हे इंग्रजीतले दोन शब्द मुळात जुळे भाऊ आहेत. एक फ्रेंचच्या एका बोलीतून आला, दुसरा दुसऱ्या. मराठीत आपण दोहोंना हमीच म्हणतो, आणि तिथे आपली फसगत होते. आपल्याला वाटते, हमी म्हणजे 'काहीही होवो, आम्ही भरून देऊ.' पण त्या पुस्तिकेत लिहिले होते ते असे : वस्तू आम्ही बनवली तशी ठेवा, सांगितली ती निगा राखा, आणि तरीही आमच्या मालात वा कामात दोष निघाला तर तो आमचा. म्हणजे तो दोघांनी पाळायचा शब्द होता. आपण पहिल्या पानावरचे 'तीन वर्षे' मोठ्या अक्षरांत वाचतो. उरलेले वीस पानी बारीक अक्षर सांदीत पडते.

मग एक बदल केला की सगळी हमी बुडते काय ? तसे नाही, आणि वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. अमेरिकेत १९७५ साली झालेल्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने कंपन्यांना बजावले की, आमचेच सुटे भाग वापरा नाहीतर हमी नाही, अशी अट घालता येणार नाही. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, जिल्ह्याजिल्ह्याला ग्राहक आयोग आहे. रीमॅप केले म्हणून दाराची काच खाली येत नाही, असे कोणी सांगू लागले तर त्याला तिथे जाब विचारता येतो. पण त्याच कायद्याचे ८७ वे कलमही वाचावे. सदोष वस्तूने इजा वा नुकसान झाले असता, त्या वेळी ती वस्तू बदललेली असेल, तर विक्रेत्यावर उत्पादनदायित्वाचा दावा लावता येत नाही, असे ते म्हणते.

त्यापलीकडे रस्त्याचा कायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, नोंदणीपत्रातील तपशील कारखानदाराने मुळात दिलेल्या तपशिलाहून निराळा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा कठोर अर्थ कायम केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बिनपरवाना बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. विमा कंपनीचा प्रश्न वेगळाच. न कळवलेला बदल अपघातानंतर उघडकीस आला, तर तिलाही हात झटकायला निमित्त मिळते.

बियाण्याचा प्रश्न

"ट्यूनर म्हणतो, गाडी आणा, जुने आकडे परत भरून देतो. कंपनीला पत्ता लागणार नाही," भाचा हळूच म्हणाला.

पुष्कळ गाड्यांचा संगणक आपल्यावर कितीदा लिहिले गेले याची नोंद ठेवतो, हे मला तोवर कळले होते. पण समजा, पत्ता लागला नसता, तर ? मला यंत्राच्या साक्षीवर प्रश्न सोडवायचा नव्हता. मी म्हणालो, "पेरणीनंतर सोयाबीन उगवलं नाही म्हणून शेतकरी तुझ्या दुकानात आला, तर तू पहिलं काय विचारतोस ?"

तो सवयीने बोलून गेला, "किती खोल पेरलं ? तीन-चार सेंटिमीटरच्या खाली तर नाही गेलं ? पेरायच्या आधी पाऊस किती झाला होता, पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर झाला होता का ? पिशवीतलंच बी होतं की घरचं मिसळलं ?"

"आणि तो खोटं बोलला तर ?"

भाचा गप्प झाला. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या, ते त्याला आठवले असावे. तेव्हा तालुक्याच्या तक्रार निवारण समित्या शेतोशेत फिरल्या. ज्यांचे बियाणे खरोखर वाईट निघाले होते त्यांच्या ओळीत घरचे बी मिसळणारेही उभे राहिले, की खऱ्याचा निकाल लांबतो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक ? सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती किमान सत्तर टक्के असावी लागते. पण ती पिशवी फोडून त्यात दुसरे मिसळले, की सत्तर टक्के कोणाचे, हे कोण सांगणार?

नेमके हेच गाडीचे झाले होते. टर्बो रीमॅपमुळे गेला, की तेल उशिरा बदलल्यामुळे, की मुळातच कच्चा होता ? मिस्त्रीलाही छातीठोक सांगता येईना. कारखान्यातून आली तशी गाडी असती, तर संशयाचा फायदा भाच्याच्या पदरात पडला असता. आकडे बदलले त्या दिवशी त्याने तो फायदा देऊन टाकला होता, आणि बदल्यात काय घेतले, तर मलकापूर रस्त्यावरचा तो एक धक्का. ट्यूनरकडे भरपाई मागावी, तर पावतीच नव्हती. ज्या व्यवहाराची पावती मागायला आपल्याला संकोच वाटतो, तो व्यवहार आपल्याला मनातून पटलेला नसतो.

तो बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "आईला काय सांगू ?"

"ते पत्र मी लिहून देणार नाही," मी म्हणालो. "ते तुझं तूच बोल. कंपनीचं मात्र आता लिहू."

पत्र चार ओळींचे झाले. 'मी माझ्या गाडीच्या इंजिनाच्या संगणकात बाहेरून बदल करून घेतला. त्यानंतर पाच महिन्यांनी टर्बो निकामी झाला. आपण गाडी तपासावी. या बदलाशी ज्या दोषांचा संबंध नाही, त्यांची हमी चालू ठेवावी, ही विनंती.' प्रत्येक वाक्याला कर्ता होता.

कंपनीने टर्बोचा खर्च नाकारला; इंजिन आणि गिअरपेटी यांची हमी संपल्याची नोंद केली. वातानुकूलनाचा जुना दोष मात्र हमीत काढून दिला आणि बाकीच्या भागांची हमी कायम ठेवली. टर्बोला एखादी मोटारसायकल आली असती एवढे पैसे गेले. ते त्याने हप्त्याहप्त्याने, आईकडून एक रुपया न घेता भरले. मूळ आकडे कंपनीच्याच कारखान्यात परत भरून घेतले, रीतसर पावती घेऊन.

या दिवाळीत कितीतरी घरांत नवी गाडी येईल, आणि कितीतरी मुलांच्या कानात कोणीतरी हीच ताकदीची गोष्ट सांगेल. त्यांना धाक घालून उपयोग नाही. धक्क्याची गोडी खरी आहे. एवढेच सांगावे की हमीची मुदत असेतो बारीक अक्षरे वाच. काही बदलायचे तर आधी कंपनीला आणि विमावाल्याला लेखी विचार. आणि कायद्याने चालत असेल व तरीही करायचे असेल, तर पुढच्या नुकसानीचे पैसे आजच बाजूला काढून ठेव. चौथे पोते उचलायचे तर खांदाही आपलाच द्यावा.

श्रावणात आम्ही बुलढाण्याला जायला निघालो. राजूर घाट हिरवा झाला होता. ताई पुढे बसली होती, मी मागे. वळणे संपत आली तशी ती म्हणाली, "आता गाडीचा आवाज कसा चांगला येतो."

"आई, आवाज येतच नाही," भाचा म्हणाला.

"तेच म्हणते मी," ताई म्हणाली, आणि तिने काच खाली घेतली.